काकूला दमू द्या

वरणाचा डाव इरावतीकाकूच्या हातून सुटला तो थेट पितरांच्या जागी बसलेल्या गुरुजींच्या पत्रावळीत. वरण उडालं, खीर कलंडली, उपरण्यावर पिवळाधमक डाग पडला. वडिलांचं श्राद्ध करायला साताऱ्याहून काशीला आलेले यजमान पळी हातात धरून बघत राहिले.

"उचल," देवव्रतकाका म्हणाले. ओरडले नाहीत. यजमानांसमोर ते कधी ओरडत नसत, दातांतल्या दातांत बोलत. "उचल आणि आत जा."

काकू वाकली. बोटं डावापर्यंत पोचली, पण मूठ मिटेना. मान पुढे पडली ती वर येईना. शेवटी तिने डाव्या हाताने स्वतःची हनुवटी वर ढकलली, दुसऱ्याच कुणाचं डोकं उचलावं तशी, आणि "चुकलं" असं काहीतरी म्हणाली. तेही नाकातून, कुणाला कळणार नाही असं.

दाराशी पाठीवर दप्तर घेऊन विद्युल्लता उभी होती. शनिवारची शाळा लवकर सुटली होती आणि तिला कडकडून भूक लागली होती. ती भूक तिथल्या तिथे मेली आणि तिच्या जागी राग येऊन बसला. साधासुधा नाही. अकरावीतल्या मुलीला येतो तो, कानाच्या पाळ्या गरम करणारा.

काशीतल्या दूधविनायक मोहल्ल्यातल्या त्या घरात काकूचं लग्न होऊन आठ वर्षं झाली होती. काकांकडे महाराष्ट्रातून यजमान येत. मणिकर्णिकेवरचे विधी झाले की त्यांचं श्राद्धाचं जेवण घरीच व्हायचं, आणि ते रांधायची काकू आणि विद्युल्लताची आई मधुरा, दोघी जावा. पहाटे अंघोळ करायची, सोवळ्याचं लुगडं नेसायचं, आणि ब्राह्मणांची पानं उठेपर्यंत ना काही खायचं, ना कुणाला शिवायचं, ना क्षणभर आडवं व्हायचं. काकू हे सगळं गुणगुणत करायची. पण गेल्या दिवाळीपासून काहीतरी बिनसलं होतं. सकाळी काकू अगदी पूर्वीची काकू, आणि दुपारी पानं वाढायची वेळ झाली की पापण्या खाली, आवाज नाकात, हात मेणाचे.

"नाटकं," आत्या स्वयंपाकघरात म्हणाली. आत्या म्हणजे काकांची थोरली बहीण. गेली दहा वर्षं ती "चार दिवस" राहायला आली होती. "सकाळी पाण्याच्या बादल्या उचलते, तेव्हा नाही हात गळत. नेमके वाढतानाच गळतात! आणि वर हसते बघ कशी, तोंड वाकडं करून. मला वेडावते."

काकू वेडावत नव्हती. ती माफी मागितल्यासारखं हसायला बघत होती, पण ओठांचे कोपरे वर जायला तयारच नव्हते. नुसतेच दात दिसत होते. विद्युल्लताला ते दिसलं आणि आत्याला का दिसत नाही, या विचाराने तिला आत्याच्या अंगावर ताकाचं भांडं ओतावंसं वाटलं.

संध्याकाळी काकांनी निकाल दिला. बुधवारच्या गाडीने काकूला माहेरी, मध्य प्रदेशात सागरला पाठवायचं. आत्या सोडून येईल. "दोन डॉक्टरांना दाखवलं. दोघेही म्हणाले, शरीर ठणठणीत आहे, मनाचं काहीतरी आहे. मन ठिकाणावर आलं की तिच्या वडिलांनी कळवावं. नाही आलं तर..." काकांनी वाक्य सोडून दिलं आणि विड्याचं पान लावायला घेतलं. ते सोडून दिलेलं वाक्य घरात सगळ्यांना ऐकू आलं.

सोमवारी शाळेत बायोलॉजीचा तास होता. गीता मॅम स्नायू शिकवत होत्या. मेंदूचा हुकूम मज्जातंतूतून विजेसारखा पळत येतो, पण तंतूचं टोक स्नायूला चिकटलेलं नसतं. मध्ये एक बारीकशी फट असते आणि ती वीज ओलांडू शकत नाही. म्हणून तंतू एक रसायन सोडतो, त्याचं नाव असिटिलकोलीन. स्नायूच्या पेशीवर त्याच रसायनासाठी बनलेले रिसेप्टर असतात. रसायन रिसेप्टरवर नेमकं बसलं की त्यातली वाट उघडते, मिठातले सोडियमचे कण आत घुसतात, आणि स्नायू आखडतो. हात उठतो. पापणी उघडते. धड्याच्या शेवटी रोगांची नावं होती. त्यातली एक ओळ मॅमनी वाचली आणि पुढे गेल्या. विद्युल्लता पुढे गेली नाही.

"मैम! मैम, ये मायस्थेनिया ग्रेव्हिस वाली लाइन।"

"अरे, इसमें से एक नंबर का भी नहीं पूछते। आगे चलो।"

"मैम, इसमें आदमी सुबह ठीक रहता है क्या? और शाम को नहीं?"

गीता मॅमनी खडू खाली ठेवला. मग तास संपल्यावरही त्या थांबल्या, डबा न खाता, आणि सगळं समजावलं. या आजारात शरीराची स्वतःचीच फौज, जी जंतूंना मारण्यासाठी पाळलेली असते, ती चुकून या रिसेप्टरांनाच शत्रू समजते. त्यांच्यावर जाऊन बसते, त्यांना मोडते. रसायन येतं, त्याला बसायला जागाच नसते.

संध्याकाळी घरी जाताना विद्युल्लता बालाजी घाटाच्या पायऱ्यांवर बसली आणि तिला सगळं डोळ्यांसमोर दिसलं. पलीकडून नावा येतायत. प्रत्येक नावेला दोर बांधायला घाटावर कडी हवी. नाव बांधली गेली, तरच माणसं उतरणार. धडधाकट माणसाच्या घाटावर हव्या त्यापेक्षा कितीतरी जास्त कड्या असतात, त्यामुळे दोन-चार नावा कमी आल्या तरी काही अडत नाही. काकूच्या घाटावर कड्या उपटून टाकल्यायत, उरल्यात त्यांच्यावर कुणी भलतंच येऊन बसलंय. सकाळी तंतूकडे नावांचा भरपूर साठा असतो. गर्दीने येतात, त्यातल्या काहींना कडी सापडते, काम भागतं. पण तोच हात पुनःपुन्हा उचलला की दर खेपेला नावा कमी निघतात, आणि दुपारपर्यंत एकही बांधली जात नाही. बाई हुकूम देतेय, हात ऐकत नाही, आणि घर म्हणतं नाटकं! विश्रांती घेतली की साठा भरतो, काकू पुन्हा चांगली. आणि घर म्हणतं, बघा, काम टळल्यावर कशी बरी झाली!

ती पायऱ्यांवरून उठली ती धावतच. दोन बायकांना धक्का देऊन, एकीच्या शिव्या खाऊन.

घरी काकू ओसरीत उद्याच्या वड्यांसाठी डाळ निवडत बसली होती. उजवी पापणी जवळजवळ मिटलेली. विद्युल्लताने फ्रिजमधला बर्फ रुमालात गुंडाळला आणि काकूच्या त्या डोळ्यावर धरला. मॅमनी सांगितलं होतं, थंडीत रसायनाला मोडणारं एन्झाइम मंदावतं. नावांना घाटावरून लगेच पिटाळणारा शिपाईच गारठतो, मग त्या जरा जास्त वेळ रेंगाळतात आणि एखादी तरी कडी मिळवतात.

"काका! आत्या! इकडे या. बाबा, तुम्हीपण. बघा आता."

तिने रुमाल काढला. उजवा डोळा उघडला होता, जवळजवळ पूर्ण. डावा तसाच अर्धा मिटलेला. काकूने बिचकून हात वर नेला आणि पापणीला हात लावून बघितला.

"बघितलंत?" विद्युल्लताचा आवाज चिरकला. "हा आजार आहे! याला नाव आहे! औषध आहे! हे नाटक नाही!"

आत्या म्हणाली, "बर्फ लावल्यावर कुणाचाही डोळा उघडेल. मला लाव, मी तर किंचाळेन."

काका हसले. बाबा नाही हसले, पण बाबा बँकेतून दमून आले होते आणि त्यांनी चष्मा पुसायला घेतला. चष्मा पुसणं ही बाबांची घरातली भूमिका होती.

"अकरावीतली डॉक्टरीण," काका म्हणाले. "अगं, एम.डी. झालेल्या माणसाने तपासलंय तिला. हात ओढून बघितले, डोळ्यांत बॅटरी मारली. काही नाही निघालं."

"किती वाजता तपासलं?"

"किती वाजता म्हणजे? सकाळी. नंतर मला घाटावर जायचं असतं."

"त्या दिवशी काकूने स्वयंपाक केला होता?"

"काहीतरीच काय विचारतेस!" आत्या म्हणाली. "दवाखान्यात जाऊन आलेली बाई सोवळ्यात कशी येईल? कुणाकुणाला शिवून येते ती! त्या दिवशी तिला चुलीकडे फिरकूच देत नाही आम्ही. आदल्या रात्रीपासून सुट्टी. मधुरा करते सगळं."

विद्युल्लताने ओला रुमाल खाली ठेवला.

"म्हणजे," ती हळूहळू म्हणाली, "तुम्ही दर वेळी तिला आराम करून नेलंत. दर वेळी! आजार दिसतो दमल्यावर, आणि तुम्ही तुमचं सोवळं सांभाळायला तिला आधी ताजीतवानी केलीत आणि मग डॉक्टरला विचारलंत, हिला काय झालंय! काकूला दमू द्या आणि मग न्या. उद्या पानं वाढल्यावर न्या. तशीच. आहे तशी."

"उद्या श्राद्ध आहे," काका म्हणाले. "परवा गाडी आहे. सागरला डॉक्टर नाहीत का? आता एक शब्द नको."

"का नको? मी..."

"विद्युल्लता!"

पूर्ण नाव आलं की विषय संपला, असा घराचा कायदा होता. काकूने मान खाली घालून पुन्हा डाळ निवडायला घेतली. बर्फाचा असर ओसरत होता, पापणी परत खाली सरकत होती. ती सरकताना दिसत होती आणि कुणीही बघत नव्हतं. कसली चीड आली विद्युल्लताला! म्हणजे इकडून कितीही ओरडा, पलीकडे ऐकणारं कुणी शाबूत नको का?

मंगळवारी तिने पोट दुखतंय म्हणून शाळा बुडवली. सकाळी सोवळ्यातल्या आईपासून हातभर लांब उभी राहून तिने सगळं परत सांगितलं. नावा, कड्या, शिपाई. आई पीठ मळत राहिली. "ऐकतेयस ना?" "ऐकतेय. आमसुलं भिजत घातली का बघ."

दुपारी पानं मांडली. आज नागपूरचे यजमान होते. काकूने पहिला भात वाढला, भाज्या वाढल्या, दोन्ही हातांनी खिरीचं पातेलं धरून आली. मग आत गेली आणि भिंतीला टेकली. घसा कोरडा पडला होता. पानं उठेपर्यंत पाणीही प्यायचं नाही, पण आईनेच तिच्यापुढे भांडं धरलं. काकूने घोट घेतला. तो घशाखाली गेलाच नाही, नाकातून बाहेर आला. तिला ठसका लागला, आणि ठसका म्हणजे तरी काय, नुसताच आवाज नसलेला झटका. खोकायलाही जोर लागतो. तिचे डोळे मोठे झाले, तेवढेच जेवढे होऊ शकत होते.

आईने तिला पुढे वाकवून पाठ चोळली. श्वास परत आल्यावर आईने हात पदराला पुसले आणि बाहेर जाऊन आत्याच्या हातात भाताचं पातेलं दिलं.

"वन्सं, पुढचा भात तुम्ही वाढा."

"वहिनी!" काका दातांतून म्हणाले. "पानं उठली नाहीत अजून."

"मग तुम्हीपण वाढा," आई म्हणाली, आणि तेही साध्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "विद्यू, चपला घाल."

सोवळं गल्लीच्या पहिल्याच वळणावर मोडलं. एका सांडाने शेपटी फिरवली ती दोघींच्या लुगड्यांवर. आई थांबलीसुद्धा नाही. मोठ्या रस्त्यावर टोटो, म्हणजे बॅटरीवरची रिक्षा, मिळाली आणि तिघी लहुराबीर चौकाच्या पुढे एका न्यूरोलॉजिस्ट बाईंच्या दवाखान्यात पोचल्या. गीता मॅमनी नाव लिहून दिलं होतं.

आणि तिथे ही गर्दी! बाकावर जागा होती, काकू बसायला गेली, आणि विद्युल्लता किंचाळली, "बसायचं नाही!"

"अगं, तिला उभं राहवत नाहीये," आई म्हणाली.

"बसली की बरी होईल! मग हीपण बाई म्हणेल, कुछ नहीं है। काकू, प्लीज. तिकडे छताकडे बघ. बघत राहा. आणि एकोणतीसचा पाढा म्हण."

काकूने भिंतीला धरून छताकडे बघितलं आणि पाढा म्हणायला लागली. सुरुवातीला शब्द कळत होते, मग नुसता नाकातला सूर उरला. पापण्या खाली येत होत्या, ती त्या वर खेचत होती, आणि त्या पुन्हा येत होत्या. बाकावरचे एक आजोबा विद्युल्लतावर भडकले.

"ए बिटिया! बीमार औरत से पहाड़ा पढ़वा रही हो? मास्टरनी हो का?"

"हाँ, हूँ!" विद्युल्लता म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तिला त्याचाही राग येत होता. "आप अपना नंबर देखिए।"

डॉक्टरीणबाईंनी काकूला एकदाच बघितलं आणि पेन खाली ठेवलं. बोट वर धरून म्हणाल्या, इसे देखती रहिए। काकूचे दोन्ही डोळे हळूहळू मिटत गेले. हात पुढे धरायला सांगितले, ते खाली आले. पाणी गिळताना अडतं का, श्वास लागतो का, एका वस्तूच्या दोन दिसतात का? काकू मान हलवत राहिली. हो. हो. दिवाळीपासून.

"पहले किसी ने नहीं पकड़ा?"

"सुबह दिखाते थे," आई म्हणाली. "आराम करवाके."

"और आज किसने कहा ऐसे लाने को?"

विद्युल्लताने हात वर केला, वर्गात करतात तसा. शाबासकी मिळणार म्हणून तिची मान ताठ झालेली होती. बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं.

"दिमाग़ अच्छा है। लेकिन बाहर जो पहाड़ा पढ़वा रही थीं, वो मुझे यहाँ तक सुनाई दे रहा था। इस बीमारी में साँस की मसल्स भी थकती हैं। यहीं गिर जातीं तो? आते ही मुझे बोलना था।"

विद्युल्लताची मान खाली गेली. हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. छातीतही स्नायूच असतात, हे तिला धड्यात पाठ होतं आणि काकूत दिसलं नव्हतं.

मग काकूला आतल्या पलंगावर झोपवून इंजेक्शन दिलं. रसायन मोडणाऱ्या त्या एन्झाइमला अडवणारं, बर्फाने डोळ्यापुरतं केलं होतं तेच सगळ्या अंगात करणारं. रक्ताची तपासणी होणार होती, छातीचा स्कॅन होणार होता, रोजच्या गोळ्या सुरू होणार होत्या आणि रात्रभर इथेच नजरेखाली राहायचं होतं. बाईंनी आईला बजावलं, हा उपचार लांबचा आहे, आणि या इंजेक्शनचा असर दोन-तीन तासच राहील, त्याने बरी झाली असं समजू नका.

तिघी वाट बघत राहिल्या. आधी डावी पापणी हलली. मग दोन्ही वर गेल्या, पडदे सरकवल्यासारख्या, आणि काकूचे डोळे दिसले. पूर्ण. विद्युल्लता विसरलीच होती की ते घारे आहेत.

"भिंतीवरचं घड्याळ," काकू म्हणाली, "एकच आहे."

नाकातून नाही, स्वतःच्या आवाजात. आईने तोंडाला पदर लावला.

तेवढ्यात, आईने फोनवर कळवलेल्या पत्त्यावर, काका आले. पानं उठल्यावर तसेच निघाले असावेत, धोतर, उपरणं, कपाळावर गंध. डॉक्टरीणबाईंनी दारातच त्यांना पाच मिनिटं ऐकवलं, त्यातलं "तीन महीने" आणि "पढ़े-लिखे लोग" एवढं आतपर्यंत आलं. पलंगापाशी येईपर्यंत काकांचा चेहरा बदलला होता.

"मला वाटतच होतं काहीतरी आहे म्हणून," ते म्हणाले. विद्युल्लताला वाटलं आता आपल्या डोक्याचा स्फोट होणार. "बरं झालं, कळलं ते. सागरचं तिकीट रद्द करतो. तू आता आराम कर, इरावती. फार बोलू नकोस."

"बसा," काकू म्हणाली.

"अगं, पण डॉक्टर..."

"डॉक्टर म्हणाल्या, दोन-तीन तास. आवाज परत कधी जाईल ठाऊक नाही. बसा म्हणते ना."

काका स्टुलावर बसले.

"दिवाळीपासून मी एक वाक्य पुरं बोलले नाही," काकू म्हणाली. "सुरू करायचे, तोवर तुम्ही उठून जायचात. मला गिळता येईना, तर तुम्ही यजमानांना सांगितलंत, हिला जेवणाचे नखरे आहेत. मी पानावर बसून रडायचे. रडतानाही तोंड वाकडं व्हायचं, म्हणून वन्सं म्हणायच्या, हसते. तुम्ही समोर बसून हसायचात, तेव्हा मला एकाचे दोन दिसायचे. दोन-दोन नवरे, आणि दोघेही हसत होतात."

काका खाली बघत होते. "मला काय माहीत असणार..."

"विचारायचं होतं! या पोरीने विचारलं. तिकीट काढताना विचारलंत मला? माझ्या बापाला काय कळवणार होतात? की मुलगी परत घ्या, डाव धरता येत नाही तिला?"

"इरावती, लोक ऐकतायत."

"ऐकू देत!"

विद्युल्लताला अजून बरंच बोलायचं होतं. सोवळ्याचं राहिलं होतं, आत्याचं राहिलं होतं, बाबांच्या चष्म्याचंही. तिने तोंड उघडलं.

काकूने तिच्याकडे न बघता हात वर केला. थांब. हात खांद्याच्या वर, सरळ, तसाच राहिला. थरथरला नाही, खाली आला नाही.

"तू नंतर," काकू म्हणाली. "माझं अजून झालेलं नाही."